मालकाचं उत्तर

चंपाषष्ठीच्या दिवशी तरी मोबाईलला हात लावायचा नाही असं श्रेयाने ठरवलं होतं, आणि सकाळचे आठ वाजायच्या आत तिने तो चार वेळा उघडून पाहिला. आकडा कालचाच होता. चार पूर्णांक एक. 'बिरूआबा मटण खानावळ, सातारा परिसर' या नावाखाली मागच्या आठवड्यापर्यंत चार पूर्णांक चार दिसत होतं. मधल्या तीन दशांशांसाठी तिच्या बापाने काल सख्ख्या भावाची जगासमोर अब्रू काढली. शब्द बापाचे होते, पण बोटं श्रेयाची होती, आणि तेच तिला खात होतं.

तीन दशांशांचं एवढं काय, असं गावाकडचा माणूस विचारेल. इथे कुणी विचारत नाही. बीड बायपासच्या या अंगाला श्रेयाच्या आजोबांची, बिरूआबांची मेंढरं बसायची तिथे आता अकरा मजली इमारत आहे, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला भूक लागली की तो आधी तारे मोजतो, मग चपला घालतो. चाराच्या खाली गेलेली खानावळ त्याला दिसतच नाही. ट्रकवाल्यांच्या काळात आबांच्या रश्श्याचा वास हीच खानावळीची पाटी होती. आता त्या वासाबद्दल वरून तक्रार तेवढी येते.

म्हणून तर श्रेयाला काम मिळालं. गल्लीतल्या नऊ दुकानांचे आणि घरच्या खानावळीचे रिव्ह्यू ती सांभाळत होती. गिऱ्हाइकाकडे तारे मागायचे, कोण काय म्हणालं ते पाहायचं, चांगल्याचे आभार मानायचे, वाईटाची माफी मागायची आणि खोट्याला नम्र शब्दांत चिमटा काढायचा. पिठाच्या गिरणीवाल्या लक्ष्मीबाई रोज सकाळी तिला हटकायच्या, "काय गं, कुणी बोललं का मला?" कुणी काहीच बोललं नसलं तर त्यांचा चेहरा उतरायचा. या धंद्यात श्रेयाचा एकच नियम होता. रागात उत्तर द्यायचं नाही, एक दिवस जाऊ द्यायचा. नऊ दुकानदारांच्या गळी तिने हे उतरवलं होतं. स्वतःच्या बापाच्या गळी उतरवायचं राहिलं.

झालं ते असं. खंडोबाच्या नवरात्रात खानावळीची चूल पेटवायची नाही हा आबांच्या वेळचा रिवाज. शटर खाली. आणि नेमक्या याच दिवसांत खानावळीला अकरा जणांनी एकेक तारा दिला. 'जय मल्हार ००७', 'बिनधास्त राजे', 'गुलाबप्रेमी' अशी एकाहून एक नावं. फोटोत माणूस एकाचाही नाही. कुठे मोटारसायकल, कुठे फूल, कुठे नुसता उगवता सूर्य. आठ जणांनी मुकाट्याने तारा टेकवला होता. तिघांनी वर लिहिलंही होतं, "एक नंबर", "१ नं. मटन", "नाद नाय करायचा, एक नंबर." एक तारा द्यायचा आणि वर एक नंबर म्हणायचं, हा टोमणा श्रेयाला फार झोंबला.

"बंद शटरचं मटण खाल्लं कुणी?" श्रेयाच्या बापाने, रामकिसनने विचारलं होतं.

प्रश्न बिनतोड होता, आणि त्याच्याकडे उत्तरही तयार होतं. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर समोर, काचेच्या दारामागे 'मल्हार फॅमिली रेस्टॉरंट'. मालक अंगद, त्याचा पाठचा भाऊ. सात वर्षांपूर्वी आबा गेले आणि वर्षाच्या आत दोन चुली झाल्या. खानावळ आणि आबांचं नाव थोरल्याकडे राहिलं, समोरची मोकळी जागा धाकट्याकडे गेली. तेव्हापासून धंद्याबद्दल दोघांत चकार शब्द नाही. मोबाईलवरसुद्धा समोरच्याचं पान उघडायचं नाही असा रामकिसनचा घरात दंडक होता. एकच धागा उरला होता. चंपाषष्ठीची तळी थोरल्याकडे मिळून उचलायची आणि भरीत-रोडगा एका पंगतीत खायचा. तेवढंही सुटलं तर ही दोन घरं राहणार नाहीत, समोरासमोरची दोन दुकानं होतील. श्रेयाला हे कळत होतं.

कळत असूनही तिने काल लिहिलं. प्रत्येक ताऱ्याखाली 'मालकाचं उत्तर' म्हणून जागा असते, तिथे अकराच्या अकरा वेळा तिने एकच मजकूर चिकटवला. "देवाच्या नवरात्रात खानावळ बंद असताना हे तारे कुठून आले ते आम्हाला कळतं. रस्त्यापलीकडे बसून सख्ख्या भावाच्या अन्नात माती कालवणाऱ्या अंगदला आमचा नमस्कार."

संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने तो वाचला. लक्ष्मीबाईंनी तर दोनदा वाचून घेतला.

स्वयंपाकघरात श्रेयाची आई करुणा वांगी भाजत होती. आषाढापासून घरात न आलेलं वांगं आज आलं होतं, आणि त्याच्या खरपूस वासाने एरवी घर हसतं व्हायचं. रामकिसन ताम्हणात विड्याची पानं, खोबरं आणि भंडारा मांडत बसला होता. बायकोकडे तो बघत नव्हता.

"कशावरून भावजींनीच केलं?" करुणाने तिसऱ्यांदा विचारलं.

"मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय? सांगा की मंग."

"ठाऊक हाय म्हणलं ना. त्याचा हात मला कळतो."

"मोबाईलात कुठला आलाय हात? बोटं असतात नुसती." करुणाने वांगं उलटलं. "अन तळीला कोण आता? पाच जण लागतात. तुम्ही, सांडूमामा, आपला फकिरा, सायकलवाले गोकुळभाऊ. चारच झाले की."

"गिरणीवाल्या बाईच्या मालकाला बोलवू."

"घरचा माणूस समोर उभा असताना?"

रामकिसनने भंडाऱ्याची चिमूट उगाच इकडची तिकडे केली. आतल्या खोलीतून त्याच्या आईचा, म्हाळसाबाईचा आवाज आला, "रामा, अंगद आला का रं?"

म्हातारीला कुणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं कुणी, यावर घरात कालपासून सगळ्यांचं एकमत होतं, की दुसऱ्याने.

पलीकडे अंगदची बायको शीला काचेच्या दाराला पाठ लावूनच उभी राहिली.

"जाऊ नका तुम्ही," ती नवऱ्याला म्हणाली. "पार्लरवाली मला विचारती, वैनी, खरंय का ते? सकाळच्या दूधवाल्यानं विचारलं. कुणाकुणाला खुलासा द्यायचा?"

"तळी देवाची हाय. दादाची नाय."

"मंग देवाला सांगा, माती कालवणारा आलाय म्हणून."

अंगदने चपला पायात सरकवल्या. त्याच्याही हॉटेलाला याच आठवड्यात नऊ जणांनी दोन-दोन तारे दिले होते, न जेवता, न बोलता. त्याच्याही मनात पहिल्यांदा दादाच आला होता. पण त्याने तो संशय गिळला, चव्हाट्यावर मांडला नाही. आणि या खेपेला तर त्याचे हात खरोखरच स्वच्छ होते, म्हणून राग दुप्पट आला होता.

"उचलतो अन येतो," तो म्हणाला. "जेवणार नाय. पाणीबी घेणार नाय त्या घरचं."

शीला बाजूला झाली. त्याने एक पाण्याचा टँकर जाऊ दिला, दोन शाळेच्या गाड्या जाऊ दिल्या, आणि रस्ता मोकळा झाल्यावरही तो थोडा वेळ तिथेच उभा राहिला. मग गेला.

त्याला दारात पाहून करुणा एवढंच म्हणाली, "या भावजी." रामकिसन ताम्हणाकडे बघत बाजूला सरकला, एका माणसाची जागा करून. दिवटी पेटली. पाच जणांनी ताम्हणाखाली हात घातले. दोन भावांचे हात शेजारीशेजारी आले, कारण दरवर्षी ते तसेच यायचे आणि यंदा वेगळं उभं राहायचं कुणाला सुचलं नाही. "सदानंदाचा येळकोट!" तीनदा तळी वर गेली, तीनदा खाली आली. सांडूमामाचा आवाज सगळ्यांत मोठा. म्हाळसाबाईचा हा भाऊ पहाटेच सोयगावकडच्या गाडीने बाजरीचं पीठ आणि स्वतःच्या रानातली वांगी घेऊन आला होता, आणि या घरात काही बिनसलंय याची त्याला गंधवार्ता नव्हती.

भंडारा कपाळाला लागला. अंगद वळला आणि चपला शोधू लागला.

म्हाळसाबाईने उभं आयुष्य मेंढरं राखली होती. कळपातलं एक बाजूला निघालं की तिला मान न वळवता कळायचं. ती भिंतीला टेकून बसली होती, तिथूनच म्हणाली, "अंगद्या, कुठं निघाला?"

"काम हाय, माय."

"भरीत खाऊन जा."

"भूक नाय."

"चंपाषष्ठीला भूक नाय?" तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. रामकिसन दिवटीची वात सारत होता, श्रेया नखं बघत होती. "काय झालंय? बोला की कुणीतरी."

बोलला तो सांडूमामा. पानावर आधीच जाऊन बसलेला, बहिणीच्या घरी आल्याच्या आनंदात.

"ते ऱ्हाऊ दे अक्का. आधी मला हे सांगा, आमचं काम पोचलं का? लई खटपट केली गड्यांनो!"

"कसलं काम, मामा?" रामकिसनने विचारलं.

"आता काय! तुमच्या मोबाईलमधलं. अक्का भाऊबीजंला आली तव्हा म्हणली, शहरात आता चव कोणी पाहत नाय, मोबाईलमधी नंबर पाहतात. तुम्ही समद्यांनी माझ्या पोरांला नंबर द्या. म्हणलं, देवाचं नवरात बसू द्या, चांगल्या दिवशी देऊ. पारावर बसलो, पोरांनी खानावळ हुडकून दिली, बोट ज्याचं त्यानं लावलं. कडूबाईनं चष्मा घालून लावलं! अकरा जण. एक माणूस नाय चुकला." सांडूमामाने तर्जनी वर केली. "समद्यांनी एक नंबर दिला!"

करुणाच्या हातातली फोडणी करपली. श्रेयाने नखांवरून नजर उचलली.

"मामा," ती म्हणाली, "किती चांदण्या दाबल्या तुम्ही?"

"एक. पहिली."

"पाच असतात ना त्या?"

"असतात की. म्हणून काय पाचवी दाबू? साळंत पहिला नंबर मोठा का पाचवा? कुस्तीत? माझ्या सख्ख्या भाच्याला म्या पाचवा नंबर देऊ व्हय?"

आधी फकिरा हसला, खानावळीचा जुना स्वयंपाकी तो, त्याला एवढी सूट होती. मग गोकुळभाऊ. मग करुणाने पदर तोंडाला लावला. रामकिसन हसला नाही. त्याने मान वर करून अंगदकडे पाहिलं, आणि तिथून नजर काढता येईना.

हे इथेच थांबतं तर बरं झालं असतं. पण सांडूमामाला हसू आवडलं, त्याने आणखी वाढलं.

"अन अंगदलाबी दिले की. भेदभाव नाय. दोघांच्या मोबाईलची बॅटरी गेली, नऊ जणांचेच झाले."

"दोन-दोन," अंगद म्हणाला.

"बराबर! दोन नंबर. अक्कानं सांगितलं तसंच केलं."

अंगद आईकडे वळला. "माय, तू सांगितलंस?"

"व्हय," म्हाळसाबाई म्हणाली. तिला यात काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "थोरल्याला एक द्या, धाकट्याला दोन. जलमाला आलात तसे."

"दोन नंबर." त्याने एका पायात चप्पल सरकवली. "आबांची खानावळ ती एक नंबर, अन माझा धंदा दोन नंबरचा. बरं झालं कळलं."

"आरं, तसं नाय रं—"

"तसंच हाय माय. सहा वर्सं झाली. समोर दार हाय माझं. किती खेपा आलीस जेवायला? एकदाबी नाय. म्या शीलाला सांगायचो, तिचे पाय दुखतात. पाय नव्हते दुखत. नंबर दुसरा होता."

तो आवाज न चढवता बोलला आणि गेला. त्याच्यामागे दार उघडंच राहिलं.

म्हाळसाबाईने उघड्या दाराकडे पाहिलं. ती पलीकडे गेली नव्हती, ते खरं होतं. थोरल्याच्या घरी राहून धाकट्याकडे जेवलं तर थोरल्याला लागेल, असं तिला वाटायचं. धाकट्याला काय लागेल हे सहा वर्षांत एकदाही मनात आलं नाही. तो हसतमुख, त्याचं काय, असंच ती धरून चालली. आता तिला रडू आलं नाही. लाज वाटली.

"नुसत्या नंबरावरून त्यो उपाशी जाणार नाय," ती म्हणाली. "आधीच चपला हुडकीत होता. काय केलंत तुम्ही?"

रामकिसनने श्रेयाकडे पाहिलं. श्रेयाने मोबाईल काढला आणि कालचं उत्तर आजीला वाचून दाखवलं. आपलंच लिखाण मोठ्याने वाचताना तिला शब्दाशब्दाला अडखळायला झालं. 'माती कालवणाऱ्या' हे तर तिने घाईघाईने उरकलं.

"ती माती म्या कालवली," म्हाळसाबाई म्हणाली. "त्याचं नाव खोड अन माझं लिव."

"आजी, तसं नसतं गं लिहीत."

"का नसतं? त्याचं लिवता येतं अन माझं नाय?" मग ती थोरल्याकडे वळली. "तू म्होरं हो रामा. म्या येते मागून. माझे पाय खरंच दुखतात, त्याला खोटं वाटलं तरी."

रामकिसन उठला. कपाळावरचा भंडारा नाकावर ओघळला होता, तो त्याने पुसला नाही. "श्रेया," तो म्हणाला, "मोबाईल घे."

मागे सांडूमामा पारावरच्या मंडळींना फोन लावून पाचवी चांदणी दाबायला सांगत होता. पलीकडून कडूबाई मोठ्याने विचारत होती की रामाने असं काय पाप केलं म्हणून त्याला पाचव्या नंबरावर टाकायचा.

काचेच्या दारातून श्रेया पहिल्यांदाच आत आली. गार हवा, कोपऱ्यात फिश टँक, टेबलांवर स्टीलचे चकचकीत तांबे. आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर आबांचा फोटो, घोंगडी खांद्यावर टाकलेला, ताजा हार घातलेला. घरी होता तोच फोटो, याने मोठा करून घेतला होता. तिने बापाकडे पाहिलं. त्यालाही तो आज पहिल्यांदाच दिसत होता.

शीला गल्ल्यावर होती. 'या' म्हणाली नाही, 'का आलात' असंही म्हणाली नाही. रामकिसन एका टेबलाशी बसला. अंगद आतून आला, आणि हॉटेलवाल्याच्या सवयीने त्याने आधी पाणी ठेवलं.

"काय देऊ?" त्याने परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"तू जे जेवणार होता ते."

"घरचं भरीत हाय. कार्डावर नाय ते."

"तेच दे."

अंगद उभाच राहिला. मग आत गेला आणि दोन ताटं घेऊन आला, एक पुतणीसाठी. रामकिसनने रोडगा मोडला, भरताला लावला, खाल्ला. सावकाश खाल्ला. घास उतरल्यावर म्हणाला, "श्रेया, लिही."

"कालच्याच्या खाली?"

"खाली."

"नाही जमत, पप्पा. उत्तराची जागा एकच असते. जुनं पुसलं तरच नवं येतं."

"मंग पूस." तो पाण्याचा घोट घेऊन सांगू लागला, आणि त्याची बोली शुद्ध करत श्रेया लिहू लागली. "काल मी इथं माझ्या भावावर आळ घेतला. तो खोटा होता. हे तारे आमच्याच आजोळच्या माणसांनी मायेनं दिलेत, त्यांना उलटसुलट कळलं. अंगदचा यात काही दोष नाही. मी सगळ्यांसमोर त्याची माफी मागतो. लिहिलं? अकरा ठिकाणी टाक."

"खाली 'मालक' लिहू?"

"रामकिसन लिही."

श्रेयाने एकेक पुसलं आणि एकेक टाकलं. अंगद टेबल पुसत राहिला. टेबल स्वच्छच होतं.

दार उघडलं. करुणाच्या खांद्यावर हात ठेवून म्हाळसाबाई आत आली, पायरीवर थांबली, दम घेतला, पुन्हा चालली. तिच्यामागे फकिरा भरताचं पातेलं घेऊन, कारण पंगत अर्धवट सोडायची नसते असं त्याला वाटलं. म्हातारीने नवऱ्याच्या फोटोकडे पाहून पदर सारखा केला आणि थोरल्याच्या शेजारची खुर्ची ओढली.

"शीला, मला वाढ गं," ती म्हणाली. "लई भूक लागली."

शीलाने गल्ल्याचा खण लोटला आणि ती जवळजवळ धावतच आत गेली. ताट आलं. म्हाळसाबाई मांडी घालून खुर्चीवर बसली आणि जेवू लागली. मध्येच थांबून तिने डावा हात धाकट्याच्या मनगटावर ठेवला. "चुकलं माझं," ती म्हणाली. "नंबर लावायचाच नव्हता."

अंगद खाली बसला. फकिराने आणलेल्या पातेल्यातलं भरीत त्याच्यापुढे वाढलं गेलं आणि त्याने पहिला घास घेतला. थोरल्या घरचा. श्रेयाला वाटलं, झालं, निभावलं. पण काकाने दुसरा घास हातातच धरला होता.

"दादा," तो म्हणाला, "आजचं माझ्या अंगावर उगंच आलं. पण एकदा म्या केलं होतं. पाच वर्सं झाली. तुझ्या पानावर एक तारा हाय. 'जुना गिऱ्हाईक' नावानं."

श्रेयाला तो तोंडपाठ होता. खानावळीचं काम हातात घेतलं तेव्हा तिने पहिलं उत्तर त्यालाच दिलं होतं. "आबा होते तेव्हा चव होती. आता मसाला मिक्सरचा आहे." आणि त्याखाली तिचं, "आपल्या बहुमोल सूचनेबद्दल आभार." आता तिला मान वर करवेना.

"ठाऊक हाय," रामकिसन म्हणाला.

"कव्हापासून?"

"त्याच दिवसापासून. गिऱ्हाईक कुठं 'आबा' म्हणतं? मालक म्हणतं, काका म्हणतं. अन पाट्याचा मसाला अन मिक्सरचा मसाला जिभंवर ओळखणारं दुसरं कोण हाय? फक्त रस्सा तुला कुणी आणून दिला, तेवढं कळलं नाय."

फकिरा पातेल्यात बघू लागला.

"म्हणून काल तुझंच नाव तोंडात आलं," रामकिसन म्हणाला. "एकदा केलं त्यानं, पुन्हा केलं असंल, असं वाटलं."

"चुकलं माझं. जळत होतो तव्हा." अंगदने हात पुसला आणि खिशातून मोबाईल काढला. "काढून टाकतो. आत्ताच, तुझ्यासमोर."

रामकिसनने भावाच्या मोबाईलवर आपला तळवा ठेवला. भरताचं तेल काचेला लागलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ते वाचलं अन दुसऱ्या दिवशी आबांचा पाटा माळ्यावरून खाली काढला म्या. तव्हापासून मिक्सर लावला नाय. बाकीचे समदे तारे श्रेयानं मागून घेतलेत, नाहीतर मायनं सांगून दिलेत. तेवढा एकच कुणीतरी जेवून दिलाय."